समुद्रातला गॅस दाबून जहाजाने न्यायचा असेल तर नेमकं अडतं कुठे?

मुक्ता

नमस्कार मंडळी. मी प्रोसेस इंजिनिअर आहे आणि समुद्रातल्या एका लहान तेलक्षेत्राच्या अगदी सुरुवातीच्या अभ्यासावर काम करतेय. क्षेत्राचं नाव सांगता येणार नाही, ढोबळ आकडे देते. तेलाबरोबर दिवसाला साधारण २० लाख घनमीटर गॅस (साध्या दाबाला मोजलेला) वर येणार आहे. किनारा ८०० किलोमीटरवर, मधला समुद्र खोल, त्यामुळे पाइपलाइनचा खर्च निघत नाही. गॅस परत खडकात दाबायचा पर्याय तपासून झाला. खडकातला तेलसाठा इतका लहान आहे की दाबलेला गॅस लगेच तेलाच्या विहिरींतूनच परत येतो. राहता राहिला फ्लेअर. दहा-बारा वर्षं रात्रंदिवस तो गॅस जाळत बसायचं हे मला मनापासून पटत नाही. जगात दरवर्षी १४०-१५० अब्ज घनमीटर गॅस असाच जळतो, त्यात आपण आणखी भर का घालायची?

आमच्या गटात सीएनजी जहाजांचा विचार पुढे आलाय. गॅस २५० बारला (हवेच्या दाबाच्या साधारण २५० पट) दाबायचा, जहाजावरच्या सिलिंडरमध्ये भरायचा, पलीकडे नेऊन सोडायचा. एलएनजीसारखं (गॅस गार करून द्रव करतात ते) उणे १६२ अंशांपर्यंत जायला नको, नुसता कॉम्प्रेसर लागतो, असं सगळे म्हणतात. इतकं सोपं असेल तर अशी जहाजं बोटांवर मोजण्याइतकी तरी का दिसत नाहीत? गॅसवर प्रक्रिया किती करावी लागेल आणि जहाजं किती लागतील, हा हिशेब कुठून सुरू करू? ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ग्लायकॉलवाला

मुक्ताताई, माझी सगळी नोकरी गॅस कोरडा करण्यात आणि दाबण्यात गेली. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर काम करताना फ्लेअरची धग अंगावर घेतली आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. जरा लांब लिहितो.

‘नुसता कॉम्प्रेसर’ हे आधी डोक्यातून काढा. या सगळ्या साखळीत कमीत कमी सतावणारी वस्तू कोणती, तर कॉम्प्रेसर. तुमचा सेपरेटर (तेल आणि गॅस वेगळं करणारी टाकी) २० बारला चालतो असं धरलं तर २५० बारला जायला दाब साडेबारा पट करायचा. दोन टप्प्यांत होतं, तीन घेतले तर प्रत्येक टप्प्यानंतरचं तापमान आटोक्यात राहतं. तुमच्या २० लाख घनमीटरला ढोबळमानाने ८ मेगावॉटच्या आसपास ताकद लागेल. गॅस इंजिनं लावलीत तर गॅसमधला साधारण ३ टक्के भाग इंधनात जाईल. एलएनजी करायला आठ-दहा टक्के सहज जातात. इथे सीएनजी उजवं ठरतं यात शंका नाही.

खरं काम त्याच्या आधीचं. गॅसमध्ये पाणी राहिलं तर काय होतं ते बघा. २५० बारला मिथेनचा हायड्रेट (पाणी आणि गॅस मिळून होणारा बर्फासारखा पदार्थ) जवळजवळ २० अंश सेल्सिअसलाही धरतो. म्हणजे बर्फ पडायची वाट बघायलाच नको, साध्या समुद्राच्या तापमानाला व्हॉल्व्हमध्ये घट्ट पांढरा गोळा बसेल. शिवाय कार्बन डायऑक्साइड. एलएनजीत तो ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० भाग) खाली आणावा लागतो, नाहीतर गोठून हीट एक्स्चेंजर तुंबतो. सीएनजीत २ टक्के असला तरी चालतो, आणि ही मोठी बचत आहे, कारण अमाइनचा (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या द्रवाचा) मोठा टॉवर डेकवरून वाचतो. पण २५० बारचे २ टक्के म्हणजे ५ बार कार्बन डायऑक्साइड. गॅस कोरडा असेपर्यंत तो गुमान बसतो. सिलिंडरच्या तळाशी थोडं पाणी साठलं की त्याचं आम्ल होतं आणि पोलाद खायला लागतं. अशा सिलिंडरच्या आत माणूस उतरून बघू शकत नाही.

हायड्रोजन सल्फाइडचं तर त्याहून कडक. आंबट, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड असलेल्या, गॅससाठी पोलाद निवडताना त्याचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) ०.३ किलोपास्कल ही मर्यादा धरतात. ती ओलांडली की मजबूत पोलादाला तडे जाण्याची भीती. २५० बारला ०.३ किलोपास्कल म्हणजे किती? अवघे १२ पीपीएम. पाइपलाइनला ७० बारवर जो गॅस ‘गोड’ म्हणून चालून जातो, तोच जहाजाच्या सिलिंडरला आंबट ठरू शकतो. तुमच्या प्रयोगशाळेच्या अहवालात ‘अत्यल्प’ असा शेरा असेल तर तो मान्य करू नका, आकडा मागा.

जड हायड्रोकार्बन हा तिसरा विषय, आणि तेलाबरोबरच्या गॅसमध्ये ते भरपूर असतात. थोडं प्रोपेन-ब्युटेन राहिलं तर घनता वाढते, त्याच जागेत जास्त माल मावतो, म्हणून ते ठेवायचा मोह होतो. भरताना काही बिघडत नाही. २५० बारला सगळं एकजीव असतं. उतरवताना दाब खाली येऊ लागला की मधल्या दाबांवर त्यातूनच द्रव सुटतो आणि सिलिंडरच्या तळाशी बसतो. उभा सिलिंडर असेल तर तळाला निचऱ्याची नळी ठेवता येते, आडव्या लांब पाइपांमध्ये तो जागोजागी साचून राहतो. मी असतो तर प्लॅटफॉर्मवरच कंडेन्सेट (गॅसमधून सुटणारं हलकं तेल) आणि एलपीजी जमेल तितकं काढून तेलात मिसळलं असतं, आणि पाणी काढायला ग्लायकॉल या पाणी शोषणाऱ्या द्रवावर न थांबता मॉलिक्युलर सीव्ह (उरलंसुरलं पाणीही धरणारे सच्छिद्र दाणे) लावले असते. ग्लायकॉलवर आयुष्य काढलेला माणूस हे सांगतोय. पुढे उतरवताना जी थंडी पडते ती बघितली की कारण कळेल.

जहाज भरणं सोपं, रिकामं करणं अवघड. लोक भरण्याचाच विचार करतात.

किनाऱ्यावरच्या पाइपलाइनला ४० बार दाब हवा असं समजा. सुरुवातीला सिलिंडरमध्ये २५०. व्हॉल्व्हमधून दाब उतरला की गॅस गार होतो, त्यासाठी हीटर लावावे लागतात, ते ठीक. पण सिलिंडरच्या आत उरलेला गॅसही फुगत फुगत गार होत जातो. घाईने सोडलात तर पोलाद त्याच्या किमान परवानगीच्या तापमानाखाली जातं आणि ठिसूळ होतं. म्हणून सावकाश सोडायचं, म्हणजे जहाज धक्क्यावर दिवसच्या दिवस उभं. आणि ४० बारला आलं की प्रवाह थांबला. आत उरलेला गॅस पाहुण्यासारखा परत जहाजाबरोबर माघारी. साध्या तापमानाला तो भरलेल्या मालाच्या १५ टक्के भरतो, आणि थंड झालेला असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त. म्हणजे शंभर घेऊन गेलात, पंच्याऐंशीसुद्धा विकले गेले नाहीत. तो उपसायला किनाऱ्यावर आणखी एक कॉम्प्रेसर लागतो.

यावर एनरसी या कंपनीने व्होट्रान्स नावाच्या पद्धतीत वेगळा मार्ग काढला होता: सिलिंडरच्या खालून गार ग्लायकॉल-पाण्याचं मिश्रण ढकलायचं आणि गॅस वरून एकाच दाबाने बाहेर काढायचा. दाब पडत नाही, म्हणून थंडी पडत नाही, आणि मागे फारसं उरतही नाही. गॅसही त्यांनी उणे ३० अंशांच्या जवळ ठेवला. त्या तापमानाला १२५ बारलाच जवळपास तितकी घनता मिळते जितकी साध्या तापमानाला २५० बारला. दाब निम्मा म्हणजे पोलाद निम्मं. मला स्वतःला ही कल्पना कागदावर सगळ्यात सुंदर वाटते, पण जहाज म्हणून ती पाण्यावर उतरली नाही.

दर्यावर्दी

ग्लायकॉलवाल्यांनी गॅसची बाजू उत्तम मांडली आहे. मी जहाजांच्या सर्वेक्षणात होतो, जहाजाची बाजू सांगतो.

२५० बारला साध्या तापमानाच्या एक घनमीटर जागेत साधारण १८० किलो मिथेन मावतो. एलएनजी त्याच जागेत ४३० ते ४५० किलो. इथपर्यंत फरक अडीच पटच आहे. पोलादाचं वजन धरलं की चित्र पालटतं. चांगल्या मजबूत पोलादाचा सिलिंडर धरला तरी दर घनमीटर जागेमागे अकराशे किलोच्या आसपास पोलाद लागतं, म्हणजे एका टन गॅसला सहा टन. आणि हे गुणोत्तर सिलिंडरचा व्यास बदलून हलत नाही: व्यास दुप्पट केला की भिंतही दुप्पट जाड करावी लागते. व्यास निवडायचा तो वजनासाठी नाही, व्हॉल्व्ह आणि जोड किती लागतील यासाठी. म्हणूनच इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या रचना निघाल्या. कॅनडातल्या कोसेल पद्धतीत सहा इंची पाइप कित्येक किलोमीटर लांब घेऊन मोठ्या चक्रीसारखा गुंडाळायचा, म्हणजे जोड जवळजवळ उरत नाहीत. नॉर्वेच्या क्नुटसेनने मोठे उभे सिलिंडर धरले. ऑस्ट्रेलियातल्या ग्लोबल एनर्जी व्हेंचर्सने जहाजाच्या लांबीइतके पाइप मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोनी रचून एकमेकांवर दाबून बसवायचे ठरवले, सुमारे ५७ लाख घनमीटर गॅससाठी. त्याला अमेरिकन ब्यूरो ऑफ शिपिंगची मान्यताही मिळाली. ती कंपनी २०२२ मध्ये प्रोव्हारिस हे नाव घेऊन हायड्रोजनकडे वळली.

एक गोष्ट नव्या लोकांना पटकन लक्षात येत नाही. माल उतरवला तरी हे जहाज फारसं वर उचललं जात नाही, कारण वजन मालाचं नाहीच, भांड्याचं आहे. येता-जाता दोन्हीकडे आपण पोलादच वाहतो.

ही कल्पना नवी मुळीच नाही. १९५९ मध्ये ‘मेथेन पायोनियर’ लुइझियानाहून एलएनजी घेऊन इंग्लंडच्या कॅन्व्ही आयलंडला गेलं, १९६४ मध्ये ‘मेथेन प्रिन्सेस’ने अल्जीरियाहून नियमित व्यापार सुरू केला. त्याच १९६०च्या दशकात अमेरिकेत ‘सिगाल्फा’ नावाच्या जुन्या लिबर्टी (दुसऱ्या महायुद्धातल्या मालवाहू) जहाजात उभे सिलिंडर बसवून दाबलेला गॅस नेऊन पाहिला होता. चाचण्या झाल्या, व्यापार झाला नाही. नंतर थेट २०१६ मध्ये चीनमध्ये बांधलेलं ‘जयंती बरुना’ इंडोनेशियाला मिळालं, पूर्व जावातल्या ग्रेसिकहून लोंबोक बेटावरच्या वीजकेंद्रासाठी. जेमतेम ११० मीटर लांबीचं. जगातलं पहिलं सीएनजी जहाज म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. पन्नास वर्षांचं अंतर पडलं, आणि त्यात मला तांत्रिक अडचण कमी दिसते. बँकेला चालतं जहाज दाखवा म्हटलं तर दाखवायला कुणाकडे काही नव्हतं. पहिलं जहाज बांधायचं धाडस लहान क्षेत्राच्या मालकाला परवडत नाही, आणि मोठ्या क्षेत्राला सीएनजीची गरज नसते.

सुरक्षिततेबद्दल थोडं. होल्ड, म्हणजे सिलिंडर असतात ते जहाजातले कप्पे, नायट्रोजनने भरलेले ठेवतात, म्हणजे गळती झाली तरी आग धरायला ऑक्सिजन नाही. गळती शोधणारी यंत्रं सतत चालू. सिलिंडर असे आखतात की फुटायच्या आधी गळावेत. दाब चढण्या-उतरण्याने पोलाद थकतं, आठवड्याला एक फेरी धरली तर पंचवीस वर्षांत १,३०० वेळा. त्याच्या कैक पट फेऱ्यांची खात्री चाचणीत द्यावी लागते. द्रवरूप गॅसच्या जहाजांसाठी जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे ती दाबलेल्या गॅससाठी लिहिलेली नाही, त्यामुळे क्लास सोसायट्यांचे (जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचे) स्वतंत्र नियम आणि त्या त्या बंदराच्या देशाची मंजुरी, दोन्ही लागतं. मंजुरीचा काळ तुमच्या वेळापत्रकात आजच धरा.

अनिकेत

मुक्ता, एक विरोधी मत. एलएनजीसाठी गॅस फार थोडा, हे गृहीतक एकदा तपासून घे. दिवसाला २० लाख घनमीटर म्हणजे वर्षाला साधारण ५ लाख टन. तरंगत्या एलएनजी प्रकल्पांत पेट्रोनासचा ‘पीएफएलएनजी सातू’ १२ लाख टनांचा आहे, आणि ‘टॅंगो एफएलएनजी’ तर साधारण ६ लाख टनांचाच. तो आधी अर्जेंटिनात होता, मग काँगोला नेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथे गॅस घ्यायला लागला. म्हणजे तुझ्या आकाराचं यंत्र जगात आहे, आणि तेही हलवता येतं.

ग्लायकॉलवाला

अनिकेत, मुद्दा अगदी रास्त आहे आणि मुक्ताताईंनी तो तुलनेत घ्यायलाच हवा. फक्त दोन गोष्टी बघा. टॅंगो हा बार्ज, म्हणजे सपाट तळाचा तराफा, आहे, तो किनाऱ्याजवळच्या निवांत पाण्यात बांधून ठेवतात. हिचं क्षेत्र ८०० किलोमीटर आत, खोल पाण्यात. आणि एलएनजी केलं तर पलीकडे साठवण टाकी आणि परत गॅस करायची व्यवस्था लागणार, तीही घेणाऱ्याच्या माथी.

मुक्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. १२ पीपीएमचा हिशेब वाचून लगेच अहवाल उघडला. खरंच ‘अत्यल्प’ असंच लिहिलंय. उद्याच आकडा मागते. अनिकेत, तो पर्याय तुलनेत घालते.

आता जहाजांच्या संख्येबद्दल कुणी मार्गदर्शन कराल का? आमच्याकडे एक जण म्हणतो दोन पुरतील, एक म्हणतो पाच. आणि दूरचा ग्राहक जास्त दर द्यायला तयार आहे, साधारण २,४०० किलोमीटरवर. त्याच्याकडे जावं का?

ग्लायकॉलवाला

हा हिशेब तुम्ही स्वतः अर्ध्या तासात कराल, मी फक्त रीत दाखवतो.

विहीर थांबत नाही, हे पहिलं धरायचं. तेल काढत राहायचं असेल तर कोणतं ना कोणतं जहाज कायम बोयाला (समुद्रात नांगरलेल्या, गॅस भरायच्या जोडणीला) जोडलेलं असायलाच हवं. प्लॅटफॉर्मवर गॅस साठवायला जागा नाही. एका जहाजात ६० लाख घनमीटर मावतो असं धरू. तुमच्या उत्पादनाला ते भरायला ३ दिवस, म्हणजे ७२ तास. १४ नॉट (ताशी साधारण २६ किलोमीटर) वेगाने ८०० किलोमीटरला ३१ तास. उतरवायला परत ७२, कारण ग्राहकही त्याच गतीने घेणार. माघारी ३१. एकूण फेरी २०६ तासांची. दर ७२ तासांनी एक रिकामं जहाज हजर हवं, तर २०६ भागिले ७२, म्हणजे २.८६. तीन जहाजं.

आता बघा, तीन जहाजांना मिळून २१६ तास मिळतात आणि लागतात २०६. सवड दहा तासांची. एका वादळात ती संपते. बोयाला जोडायला-सोडायला लागणारा वेळ मी धरलाच नाही, आणि परत येणारा उरलेला गॅसही नाही. तो धरला की सिलिंडरची उपयोगी जागा कमी होते, भरायचे तास घटतात, आणि तीनचा आकडा डळमळतो. तुमच्याकडे दोन म्हणणारे गृहस्थ बहुधा विहीर बंद ठेवायला तयार आहेत.

दूरच्या ग्राहकासाठी एकेरी प्रवास ९३ तासांचा. फेरी ३३० तास. भागाकार ४.५८, म्हणजे पाच जहाजं. दुपटीला थोडी कमी. सीएनजीत बहुतेक भांडवल जहाजांत असतं, प्लॅटफॉर्मवरच्या यंत्रणेत नाही, म्हणून अंतर वाढलं की खर्च थेट वाढतो. एलएनजीचं उलट आहे: पैसा द्रव करणाऱ्या प्लांटमध्ये अडकतो, एकदा तो बांधला की अंतराचं ओझं हलकं. १,७४,००० घनमीटर द्रव मावणाऱ्या एका एलएनजी जहाजात साधारण १० कोटी घनमीटर गॅस मावतो, आपल्या सीएनजी जहाजाच्या सोळा-सतरा पट. म्हणूनच दोन-अडीच हजार किलोमीटरनंतर सीएनजी मागे पडतं असं या धंद्यात मानतात. जास्त दर देणारा ग्राहक दोन जादा जहाजांची किंमत फेडतोय का, एवढंच बघा. मला शंका आहे.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. उतरवायच्या त्या ७२ तासांत जहाज काय करतं? ते ग्राहकाची टाकी होऊन उभं असतं. किनाऱ्यावर वेगळी उच्च दाबाची साठवण बांधून जहाज लवकर मोकळं करू म्हटलं, तर तिथेही तेच सहा टन पोलाद एका टन गॅसला. त्यामुळे खूप ठिकाणी जहाजालाच टाकी समजणं स्वस्त पडतं. ते एकदा मान्य केलं की मग ग्राहकाला किती दाब हवा यावर सगळं ठरतं. पाइपलाइनमध्ये ७० बारला द्यायचा असेल तर उपसणारा कॉम्प्रेसर जवळजवळ पूर्ण वेळ चालेल. वीजकेंद्राच्या टर्बाइनला २५-३० बार पुरत असेल तर मागे उरणारा गॅस निम्म्यावर येतो, कॉम्प्रेसर लहान लागतो. लोंबोकचं जहाज वीजकेंद्रासाठी आहे, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

दर्यावर्दी

बोयाबद्दल भर घालतो. जहाजाच्या तळाला खालून येऊन बसणारा बुडता बोया उत्तर समुद्रात तेलासाठी कित्येक वर्षं वापरात आहे. उच्च दाबाचा गॅस अशा बोयातून जाऊ शकतो हे २००५ मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या ‘गल्फ गेटवे’ने दाखवून दिलं. तिथे एलएनजी जहाजावरच गॅस करून समुद्रतळाच्या पाइपलाइनमध्ये सोडत. तुम्हाला भरताना उलट्या दिशेने न्यायचाय, पण फिरता सांधा त्याच जातीचा. क्षेत्राजवळ दोन बोये ठेवा. एक जहाज सुटायच्या आधी दुसरं जोडलेलं असेल तर फ्लेअर पेटवावा लागत नाही.

मुक्ता

दोन बोयांचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. जवळच्या किनाऱ्यावर दोन ग्राहक आहेत, एक खताचा कारखाना आणि एक वीजकेंद्र. आम्ही आत्तापर्यंत दोघांना फक्त दर विचारला होता.

ग्लायकॉलवाला

मग आता दाब विचारा. टर्बाइन नेमकं कोणतं आहे, गॅस आत घेताना किमान किती बार हवा आणि दिवसातून किती तास चालतं. खतवाल्यांना विचारा की वर्षातून किती दिवस बंद असतात, कारण त्या दिवसांत तुमचं भरलेलं जहाज धक्क्यावर अडकेल. उत्तरं आली की इथेच टाका, २.८६ चा आकडा परत मांडू.